ताप आणि अंगावर पुरळ: गोवर, कांजिण्या, डेंग्यू की आणखी काही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात डेंग्यू आणि हात-पाय-तोंडाचा आजार, थंडी सरता सरता कांजिण्या आणि गोवर. कोल्हापुरातल्या बालरोग ओपीडीचं वर्ष साधारण असं जातं. पुरळ उठलेलं मूल घेऊन आलेले आईवडील मात्र बारा महिने तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत.

पुरळ दिसलं. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी काय बघून ठेवायचं?

तारखा. ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ कोणत्या दिवशी दिसलं, आधी कुठं दिसलं आणि ते आल्यावर ताप चढला की उतरला. एवढं नीट सांगता आलं की निम्मं निदान झालंच म्हणून समजा. सगळ्यांचं लक्ष ठिपक्यांच्या रंगाकडे जातं, पण लाल ठिपके डझनभर आजारांत सारखेच दिसतात. ते येण्याची वेळ आणि पसरण्याची वाट मात्र आजारागणिक बदलते.

करवीर तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. हातात ना जुनी फाइल, ना मोबाइलवर फोटो. ‘आदी कानामागं उठलं, मग तोंडभर झालं, आन् काल सांजच्यापास्नं पोटावर उतरलंय. डोळं तर चार दिस झालं लालच हाईत.’ पोराला हात लावायच्या आधीच गोवराचा संशय पक्का झाला. सगळ्यांनाच असं आठवत नाही, म्हणून रोज फोटो काढून ठेवा: चेहरा, छाती, पाठ, तळहात, तळपाय. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता.

इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून बघण्यात फारसा अर्थ नाही. त्यातली बहुतेक कातडी गोरी असते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या अंगावर पुरळ लालभडक दिसत नाही, तांबूस किंवा काळपट दिसतं आणि पहिला दिवस तर नजरेतून सुटूनही जातं. पोट, मान आणि दंडाची आतली बाजू बघा, हलका हात फिरवा. खरखरीत किंवा उंचवट्यासारखं लागलं तर कळतं.

नुसतं घामोळं किंवा पित्ताच्या गांधी असतील तर?

घामोळ्यानं ताप येत नाही. ते मान, पाठ, काख अशा घामाच्या जागी येतं आणि गार हवेत बसतं. गांधी फुगीर असतात, भयंकर खाजतात आणि जागा बदलतात. एका गांधीच्या कडेनं पेनानं रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी रेघेच्या आतला भाग साफ आणि नवी गांध भलतीकडेच, असं झालं तर पित्त समजा. गोवर-कांजिण्यांचं पुरळ असं रात्रीतून पळत नाही. गांधींबरोबर ओठ-पापण्या सुजल्या किंवा धाप लागली तर वाट बघू नका, ती तातडीची वेळ आहे.

गोवर कशावरून ओळखायचा?

पुरळाच्या आधीच्या तीन-चार दिवसांवरून. आधी ताप, नाक गळणं, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले, उजेड न सोसणारे डोळे. मूल कमालीचं किरकिरं होतं. मग कानामागं आणि केसांच्या कडेला ठिपके येतात, तिथून चेहरा, मान, छाती, पोट, हात आणि शेवटी पाय, असे वरून खाली उतरत जातात. चेहऱ्यावरचे ठिपके एकमेकांत मिसळतात. पुरळ येताना ताप उतरत नाही, उलट चढतो. साध्या विषाणूच्या तापात सहसा असं होत नाही.

पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधी गालांच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, लालसर पार्श्वभूमीवर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्यांना कोपलिक स्पॉट म्हणतात. दिसले तर गोवर जवळपास निश्चित, पण ते दोन-तीन दिवसच टिकतात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं म्हणता येत नाही. पुरळ ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं जातं आणि मागं काळपट डाग राहतात, कोंडा सुटतो. उशिरा आलेल्या मुलाचं निदान या डागांवरूनही होतं.

निदानाची घाई अशासाठी की पुरळाच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल गोवर पसरवत असतं. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. दवाखान्याच्या वेटिंगमध्ये शेजारी सहा महिन्यांचं बाळ बसलेलं असेल, तर त्याला अजून लसही मिळालेली नसते. त्यामुळे संशय असेल तर आधी फोन करून सांगा आणि दवाखान्याबाहेरच थांबा. आत बोलावून वेगळं बसवता येतं.

गोवर झालेल्या मुलाला जीवनसत्त्व अ चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. वर्षापुढच्या मुलाला दर वेळी २ लाख युनिट, सहा महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाला १ लाख आणि त्याहून लहान बाळाला ५० हजार. डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोका कमी होतो. हा डोस डॉक्टर किंवा नर्सच्या हातूनच द्या, घरच्या घरी नको.

रुबेला म्हणजे सौम्य गोवरच ना?

नाही. विषाणू वेगळा. दिसायला सौम्य खरा: बारीक ताप, गुलाबी पुरळ चेहऱ्यावरून एका दिवसात अंगभर आणि तिसऱ्या दिवशी गायब. कानामागं आणि मानेच्या मागं बोटाला लागणाऱ्या गाठी ही त्याची खूण. मुलाला त्याचा फारसा त्रास होत नाही.

त्रास होतो तो पोटातल्या बाळाला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष अशी व्यंगं येण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून ओपीडीत पहिला प्रश्न आईला असतो: घरात, शेजारी किंवा वर्गाच्या बाईंपैकी कुणी गरोदर आहे का? असेल तर त्यांना लगेच कळवा आणि त्यांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. कांजिण्यांच्या बाबतीतही हेच करायचं. आणि हो, गरोदरपणात एमआर (गोवर-रुबेला) किंवा कांजिण्यांची लस देत नाहीत. ती आधी घ्यायची असते.

कांजिण्या आणि हात-पाय-तोंडाचा आजार यांत फरक कसा करायचा? दोन्हीत पाण्याचे फोड येतात.

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. आधी तळहात-तळपाय बघा, मग तोंडात टॉर्च मारा.

कांजिण्या छाती-पाठ, चेहरा आणि डोक्याच्या कातडीवर सुरू होतात. लाल ठिपका, त्यावर पाण्याचा फोड, मग खपली, असा प्रवास दिवसभरातही होतो. नवे फोड लाटेलाटेनं येत राहतात, त्यामुळे तळहाताएवढ्या जागेत ठिपका, फोड आणि खपली तिन्ही एकाच वेळी दिसतात. खाज जबरदस्त. तळहात-तळपाय बहुतेक वेळा कोरडे.

हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड नेमके तळहात, तळपाय, कुल्ले, गुडघे आणि ओठांभोवती येतात. ते लांबट, करडे असतात आणि खाजण्यापेक्षा दुखतात. तोंडात व्रण असतात, म्हणून मूल लाळ गाळतं आणि दूधही नको म्हणतं. बालवाडीत एकाला झाला की आठवड्याभरात निम्मा वर्ग गैरहजर. २०२२ साली केरळमधून ‘टोमॅटो फ्लू’ची बातमी आली आणि इथं आईवडील धास्तावले, ते प्रकरणही याच आजाराच्या गटातलं होतं.

पण कॉक्सॅकी ए-६ नावाचा विषाणू हा नियम मोडतो. त्यात फोड अंगभर पसरून हुबेहूब कांजिण्यांसारखे दिसतात. महिना-दीड महिन्यानं नखं सुटून यायला लागली की त्याचा उलगडा होतो. नखं नवी येतात, त्याची काळजी नको.

हात-पाय-तोंडाचा आजार आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. गार दूध, ताक, पेज, जे गिळता येईल ते द्या. मूल झोपेत वारंवार दचकत असेल, चालताना तोल जात असेल किंवा तीन दिवसांनंतरही ताप जोरात असेल तर मात्र दाखवा. कांजिण्या मोठ्या माणसांना जास्त भोवतात. वडिलांना झाल्या तर पहिल्या २४ तासांतच डॉक्टरांकडे जावं, विषाणूविरोधी गोळी लवकर सुरू केली तरच तिचा खरा उपयोग होतो.

डेंग्यूत पुरळ कधी येतं? पुरळ आलं म्हणजे आजार उतरला का?

हा समज जिवावर बेततो. डेंग्यूत पहिल्या एक-दोन दिवसांत चेहरा-मान नुसतीच लालसर होते. खरं पुरळ साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी येतं, पुष्कळदा ताप ओसरतानाच. संपूर्ण कातडी लाल आणि मधेमधे पांढरे ठिपके मोकळे राहिलेले, असं ते उशिराचं पुरळ दिसतं आणि तळहात-तळपाय खाजतात. घरच्यांना वाटतं, ताप गेला, विष बाहेर पडलं. प्रत्यक्षात ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे. याच काळात रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं आणि रक्तदाब पडू शकतो.

तेव्हा ताप उतरला तरी बघत राहा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तासांत लघवी न होणं, मूल सुस्त किंवा उगाच बेचैन होणं, यातलं एक जरी दिसलं तरी ॲडमिट करा. प्लेटलेटच्या आकड्याकडेच डोळे लावून बसण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याइतकंच महत्त्व हिमॅटोक्रिटला, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्याला आहे. पपईच्या पानांचा रस पाजण्यात गेलेला वेळ ओआरएस पाजण्यात गेला असता तर बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोवरापासून फरक: डेंग्यूत सर्दी, खोकला, पाणावलेले डोळे सहसा नसतात. डोळ्यांच्या मागं दुखतं, अंग ठेचल्यासारखं होतं.

मग चिकुनगुन्या?

सांधे. ताप अचानक, पुरळ दोन-तीन दिवसांत, आणि मनगटं, घोटे, बोटांचे सांधे असे धरतात की माणसाला कपबशी उचलता येत नाही. काहींच्या नाकावर नंतर काळपट डाग पडतो, तो बघून मागाहूनही ओळख पटते. तान्ह्या बाळांत फोड येऊ शकतात. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच एडिस डासामुळे होतात आणि एकाच वेळी दोन्हीही होऊ शकतात. इचलकरंजीत काय किंवा कोल्हापुरात काय, जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं घराघरांत बॅरल भरलेली असतात. त्यांना झाकण आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडं करणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

तीन दिवस कडक ताप होता, ताप गेला आणि मग पुरळ आलं. आता काय?

मूल सहा महिने ते दोन वर्षांचं असेल, ताप गेल्यावर खेळायला लागलं असेल आणि पोट-पाठीवर फिकट गुलाबी ठिपके असतील, तर तो बहुधा रोझिओला. काही करायचं नाही, दोन दिवसांत जातं. पावसाळ्यात मात्र डेंग्यू नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी.

शाळकरी मुलाचे दोन्ही गाल थप्पड बसल्यासारखे लाल आणि दंडावर जाळीदार नक्षी असेल तर पार्व्हो विषाणू. तोही आपला आपण जातो, पण गरोदर बाई आणि थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार असलेलं मूल यांच्यासाठी तो साधा नाही.

अँटिबायोटिक सुरू केल्यावर पुरळ आलं. ही औषधाची रिॲक्शन का?

असेल किंवा नसेल. मेडिकलमधून आणलेलं औषध गोवराच्या तिसऱ्या दिवशी सुरू केलं तर चौथ्या दिवशी पुरळ येणारच होतं, औषध उगाच बदनाम होतं. मग आयुष्यभर ‘याला पेनिसिलिन चालत नाही’ असं फाइलवर लिहिलं जातं. औषधाची पट्टी किंवा बाटली सोबत आणा. तोंड, डोळे किंवा लघवीच्या जागी फोड आले, कातडी सोलायला लागली तर औषध थांबवून त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

विषाणूचं वाटतं पण नसतं, असंही काही आहे का?

आहे, आणि त्यावर औषधही आहे, म्हणून ते चुकवून चालत नाही.

स्क्रब टायफस. पावसाळ्यानंतर रानात, गवतात वावरणाऱ्यांना बारीक किड्याच्या चाव्यानं होतो. चंदगड, राधानगरी, गगनबावड्याकडचा माणूस आठवडाभर तापानं फणफणतोय आणि डेंग्यू-मलेरिया दोन्ही निगेटिव्ह, तर कपडे काढून नीट तपासावं. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली सापडते. ती दुखत नाही, म्हणून रोग्याला स्वतःला पत्ता नसतो. डॉक्सिसायक्लिननं बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. निदान लांबलं तर फुप्फुसं, किडनी धोक्यात येतात.

पाच दिवसांहून जास्त ताप, लाल डोळे पण चिकटा नाही, फुटलेले ओठ, लाल जीभ, सुजलेले हातपाय: कावासाकी आजार. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात, म्हणून साधारण दहाव्या दिवसाच्या आत उपचार हवा. घसा दुखून सँडपेपरसारखं खरखरीत पुरळ आलं तर स्कार्लेट फीव्हर, त्याला अँटिबायोटिक लागतं.

शेवटचा आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे जांभळे ठिपके. काचेचा पेला ठिपक्यांवर दाबा. पेल्याआडून ठिपके तसेच दिसत राहिले तर कातडीखाली रक्त उतरलंय. ताप असताना असं दिसलं तर तासही घालवू नका.

हा मंकीपॉक्स तर नसेल?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ आणि २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर केल्यापासून प्रत्येक कांजिणीला हा प्रश्न येतो. एमपॉक्समध्ये (मंकीपॉक्सचं नवं नाव) फोड टणक, खोल आणि एका भागात सगळे एकाच अवस्थेत असतात, गळ्यात-जांघेत गाठी येतात आणि रोग्याशी जवळचा संबंध आलेला असतो. कोल्हापुरातल्या मुलाच्या अंगावरचे खाजरे फोड बहुतेक वेळा कांजिण्याच असतात.

रक्त कोणत्या दिवशी तपासायचं?

चुकीच्या दिवशी केलेली तपासणी न केल्यापेक्षा वाईट, कारण ती खोटा दिलासा देते. डेंग्यूची एनएस-वन तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी) पाचव्या दिवसानंतर. गोवराची आयजीएम पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा घशाचा स्वॅब घेतात किंवा रक्त पुन्हा पाठवतात. चिकुनगुन्यात पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर, मग आयजीएम. कांजिण्या आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराला सहसा तपासणीच लागत नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल तपासणी आणि त्यावरून लावलेला टायफॉइड, या प्रकाराला माझा कायमचा विरोध आहे.

ताप आणि पुरळ असलेल्या मुलाची नोंद सरकारी यंत्रणेकडे होणं गरजेचं असतं. आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना कळवा. नमुना सरकारी प्रयोगशाळेत मोफत जातो. एक केस वेळेवर कळली तर गल्लीतली सुटलेली मुलं शोधून लस देता येते.

घरी सासूबाई म्हणतात, देवी आलीय, औषध द्यायचं नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. आषाढात त्र्यंबोलीला पाणी वाहायला जा, उंबऱ्यात कडुनिंब टांगा, मुलाला वेगळं ठेवा. त्यात काही बिघडत नाही, वेगळं ठेवणं तर चांगलंच. अडचण येते ती अंघोळ बंद, खिडक्या बंद, मीठ-तेल बंद आणि डॉक्टरही बंद या चौघांची. कोमट पाण्यानं रोज अंघोळ घाला, नखं कापा, भात-वरण, अंडं, दूध जे खातो ते द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड निदान होईपर्यंत अजिबात नको. स्टेरॉइडचं मलम तर लावूच नका.

आजोबांना नागीण झालीय. नातवाला लागेल का?

नातवाला कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही नसेल, तर फोडांच्या स्पर्शानं कांजिण्या होऊ शकतात, नागीण नाही. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात येते, आणि फोडांच्या आधी दोन-तीन दिवस तिथं आग होते. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो, ही निव्वळ भीती आहे. काव लावून घ्यायला हेलपाटे घालण्यापेक्षा फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करा, नंतरची ठणक टळण्याची शक्यता वाढते. डोळ्याजवळ आली तर नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी.

एमआरची लस घेतलीय, तरी गोवर होतो का?

क्वचित, आणि सौम्य. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, दोन्ही सरकारी केंद्रात मोफत. दुसरा राहून जातो तो बहुधा बाळाला सर्दी होती म्हणून. साध्या सर्दीत लस देता येते. संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस दिली तरी गोवर टळू शकतो. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीत घ्यावी लागते.

दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या येतात, तेव्हा फडावरच्या खोपटांतली मुलं दोन्ही गावांच्या यादीतून सुटतात. तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल तर आशाताईंना तेवढं सांगा. गावाकडचं कार्ड नसलं तरी लस मिळते.

शाळेत पुन्हा कधी पाठवायचं?

गोवर: पुरळ आल्यापासून चार दिवस झाल्यावर, तेही अंगात ताकद असेल तर. रुबेला: सात दिवस. कांजिण्या: प्रत्येक फोडाला खपली धरल्यावर. हात-पाय-तोंड: ताप गेल्यावर आणि फोड सुकल्यावर. डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही, पण ताप असेपर्यंत मुलाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर घरातला डास पुढच्याला देतो.

कोणत्या वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं?

श्वास जलद चालतोय, छाती आत ओढली जातेय; झटका आला; मूल उठवूनही उठत नाही; काहीच पोटात टिकत नाही; पेला दाबून न जाणारे ठिपके; डेंग्यूची वर सांगितलेली लक्षणं; तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप. यातलं काहीही असेल तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) रात्रीही उघडं असतं. निघताना लसीचं कार्ड, औषधांच्या पट्ट्या आणि पुरळाचे फोटो असलेला मोबाइल चार्ज करून घ्या, आणि अपघात विभागाच्या दारातच सांगा की ताप आणि पुरळ आहे, म्हणजे मुलाला बाकीच्या रोग्यांपासून वेगळं ठेवता येईल.